बर्फाखालची वाट

परभणीकडच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो बहुधा जत्रेतल्या गोळ्यात. हिवाळ्यात एखाद्या पहाटे तेथेही पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, हरभऱ्याच्या शेतावर दव साचते, दारोदारी शेकोट्या पेटतात. परंतु ऊन चढले की थंडी ओसरते. त्या काळ्या मातीला हिमाची ओळख नाही.

अशा मुलखातून बालाजी अंभोरे सैन्यात गेले आणि काश्मीरमधील मच्छिल भागात पहाऱ्यावर उभे राहिले. 28 जानेवारी 2017 रोजी तेथे बर्फाने झाकलेली वाट एकाएकी खचली आणि पाच जवान गाडले गेले. सोबत्यांनी बर्फ उपसून त्यांना जिवंत बाहेर काढले. परंतु 30 जानेवारीला पाचही जणांची प्राणज्योत मालवली. त्यांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जवानही होते. त्याच आठवड्यात गुरेझच्या खोऱ्यात हिमकडा कोसळून आणखी कित्येक जवान मृत्युमुखी पडले होते.

बर्फ तर पिंजलेल्या कापसासारखा हलका! तो माणसाला कसा गाडतो? खळ्यावरची ज्वारीची रास ज्याने पाहिली आहे, त्याला याचे निम्मे उत्तर ठाऊक आहे. राशीवर धान्य ओतत गेले की तिचा उतार वाढतो आणि मग एक सूपभर दाणेही सारी कड घसरवितात. डोंगरावरही 30 ते 45 अंशांचा उतार सर्वांत घातक असतो. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही.

उरलेले निम्मे उत्तर बर्फाच्या पोटात असते. कडाक्याच्या थंडीत खालच्या थराचे कण साखरेसारखे मोठे व सुटे होतात. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ त्यांवर घट्ट बसतो. मोहरीच्या दाण्यांवर तिरपी फळी ठेवावी, तशी ही स्थिती. एका माणसाच्या पावलानेही ती फळी तडकते आणि क्षणार्धात सारा उतार धावू लागतो. थांबताच तोच भुसभुशीत बर्फ असा आवळतो, की आतल्या माणसाला बोटही हलविता येत नाही. पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात. पुढे मात्र आशा झपाट्याने मावळते. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचेनवर हणमंतप्पा कोप्पड हे सहा दिवसांनी जिवंत सापडले, हे नवलच. तथापि तेही पुढे वाचले नाहीत.

या हिमाचा अभ्यास करण्यासाठी 1969 साली मनाली येथे एक संस्था स्थापन झाली. जवानांनाही बर्फावर चालण्याचे खास शिक्षण मिळते. ऊन चढून बर्फ सैल होण्यापूर्वीच ते धोक्याचा उतार ओलांडतात, तेही एकेक करून, दोघांत बरेच अंतर राखून. कडा कोसळलाच तर सारे एकदम सापडू नयेत, आणि खणून काढावयास कोणीतरी बाहेर उरावे.