पांढरीचा छेद

महाराष्ट्रात नद्यांच्या काठाने काळ्या रानात मधूनच राखट मातीची टेकाडे दिसतात. गावकरी ज्यांना पांढरी म्हणतात ती ही टेकाडे निसर्गाने रचलेली नसून माणसांच्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली असतात. कुडाची भिंत ढासळते, तिची माती जागीच पसरते, चुलीतली राख, हाडे आणि फुटकी खापरे तिच्यात मिसळतात, आणि तो पसारा चोपून सपाट केला की त्यावरच नवे घर उभे राहते. अशा टेकाडात चर खणून त्याची भिंत करणीने तासली म्हणजे जो उभा काप मिळतो, त्याला पुरातत्त्वात छेद म्हणतात, आणि त्या छेदात रंग, पोत व घट्टपणा यांवरून वेगळा ओळखू येणारा मातीचा प्रत्येक पट्टा म्हणजे एक स्तर.

खालचा स्तर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण स्तर क्वचितच सपाट असतात. १९२०च्या दशकात मोहेंजोदडो येथे वस्तूंची नोंद एका ठरावीक पातळीपासून मोजलेल्या खोलीनुसार झाली, आणि उतरत्या स्तरांवरच्या, वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू केवळ समान खोलीमुळे एका काळाच्या ठरण्याचा धोका त्यातून निर्माण झाला. १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली, आणि चौकोनी खड्ड्यांमध्ये न खणलेल्या मातीचे बांध राखून त्यांच्या छेदांवरून स्तर वाचण्याची शिस्त येथे रुजवली. ही टीका कठोर असली तरी न्याय्य होती, कारण खोली म्हणजे काळ नव्हे.

हे किती खरे आहे, ते पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे विशेष जाणवते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावात, म्हणजे दगडाच्या हत्यारांबरोबर तांबेही वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्तीत, इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन कालखंड एकावर एक सापडले. येथील लोक मृत बालकांना घराच्या जमिनीखाली पुरत; मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यांत ते लहानसे शरीर असे. उत्तर जोर्वे काळात खणलेला असा खड्डा जुन्या स्तरांत शिरला, तर कुंभ खोलवर, परक्या काळाच्या मातीने वेढलेला राहतो. त्याचा काळ ठरतो तो तळावरून नव्हे, तर खड्ड्याचे तोंड ज्या जमिनीतून कापले गेले तिच्यावरून. ते तोंड पुष्कळदा रंगाच्या एका पुसट रेषेएवढेच उरलेले असते. ती रेषा निसटली, तर एका घराचे दुःख भलत्याच शतकाच्या नावावर लिहिले जाते.

म्हणून नोंदीची घाई चालत नाही. छेदावर आडवी समतल दोरी बांधून, तिच्यापासून ठरावीक अंतरांवर वर-खाली मोजत प्रत्येक स्तराची सीमा आलेख-कागदावर उतरवली जाते. सुकलेली भिंत रंग लपवते, तेव्हा तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात, आणि क्षणभर ओल्या झालेल्या मातीत राखेचा पट्टा, चोपलेली जमीन, उंदराचे बीळ असे एकेक वेगळे होऊन समोर येते. दख्खनची काळी माती तर आणखी फसवी, कारण उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वरच्या काळातला मणी किंवा खापराचा तुकडा त्यांतून खालच्या स्तरात जाऊन बसतो. एवढ्याशा वस्तूवर मोठा निष्कर्ष उभारताना ही भेग ध्यानात ठेवावीच लागते.

अर्थ लावण्याचे काम तर याहून नाजूक. इनामगावात आधीच्या काळातील ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्या येतात, हे स्तरांनी दाखवलेले वास्तव आहे. पाऊस कमी झाल्याने शेती खालावली आणि गाव गरीब झाले, हे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी त्यावरून मांडलेले स्पष्टीकरण आहे. आरेखनात दोन स्तरांमधील रेषासुद्धा उत्खनकाचा निर्णयच असते. खणलेली माती पुन्हा पूर्ववत रचता येत नाही, म्हणून तो निर्णय कशावरून घेतला हे लिहून ठेवणारी नोंद निष्कर्षापेक्षाही मोलाची, कारण तिच्याच आधारे पुढचा अभ्यासक आधीच्याशी असहमत होऊ शकतो.

पांढरीची माती पिकाला चांगली म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीत जुनी आहे, आणि अशी कित्येक टेकाडे छेद काढला जाण्यापूर्वीच खचली आहेत. ज्यांच्या गावाजवळ असे टेकाड अजून उभे आहे, त्यांनी तेथील माती उचलण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवावे.