सवंगडी आणि सरहद्द

खेळाचे नियम ज्यांनी घडविले त्यांनी मनुष्यस्वभावाचा किती सूक्ष्म विचार केला होता, हे मैदानावर धूळ उडविण्याच्या वयात कळत नाही. मला ते कळावयास संगणकाच्या पडद्यावरचा, दूरदेशी रचलेला एक खेळ कारण झाला. नागपुरात महालातील चिटणीस पार्कावर उन्हे कलली म्हणजे आम्ही मुले कबड्डी मांडीत असू, आणि डाव संजीवनीचा की गामिनीचा यावरच पहिला तंटा उभा राही. गामिनीत जो बाद झाला तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमर प्रकारात बाद होऊनही कोणी मैदान सोडावयाचे नाही, केवळ गुण मोजावयाचे. आणि संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की आपला बाहेर बसलेला एक गडी उठून आत येतो. या तिसऱ्या प्रकारात चढाई करणाऱ्याचा पराक्रम त्याच्या एकट्याचा राहत नाही, कारण समोरच्याच्या अंगावर पडलेली त्याची थाप रेघेबाहेर गुडघे कवटाळून बसलेल्या सवंगड्याला पुन्हा जीवदान देते. आमच्याच विदर्भातील, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. पुढे देशभर जी कबड्डी रूढ झाली तिने बाद गड्याला उठविण्याचे हे संजीवनीचे तत्त्व स्वीकारले, आणि ही निवड मला आजही अत्यंत शहाणपणाची वाटते.

महाविद्यालयाच्या दिवसांत, वैशाखातील नागपूरचे ऊन रस्त्यावर पाऊल ठेवू देत नसे तेव्हा, आम्ही काही मित्र धरमपेठेतील एका सायबर कॅफेत कूलरच्या घरघरीत शेजारी शेजारी बसून ‘रूनस्केप’ खेळत असू. २००१ साली इंग्लंडात निघालेला हा खेळ विकत घ्यावा लागत नसे आणि ब्राउझरमध्येच चाले, म्हणून आमच्या खिशाला आणि तेथील मंद इंटरनेटला तो मानवला. हजारो अनोळखी माणसे त्यात एकाच वेळी आपापले पात्र घेऊन वावरत. आमच्यापैकी कोणी लाकडे तोडी, कोणी मासे पकडी, कोणी लोहारकाम करी, आणि एकाच्या श्रमावर दुसऱ्याची तलवार तयार होई. या सहजीवनाच्या उत्तरेस मात्र ‘वाइल्डरनेस’ नावाचा वैराण मुलूख होता. त्याची सरहद्द ओलांडली की कोणीही कोणावर शस्त्र उचलावे अशी तेथे मुभा होती.

त्या मुलखाची रचना ज्यांनी केली त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. सरहद्दीलगत फक्त आपल्या जवळपासच्या बळाचा खेळाडूच आपल्यावर हल्ला करू शके, आणि जसजसे उत्तरेकडे जावे तसतसा बळाबळातील हा मान्य फरक वाढत जाई; म्हणजे जोखीम किती घ्यावयाची हे प्रत्येकाने आपल्या पावलांनी ठरवावयाचे. मेलेल्याजवळ त्याच्या सर्वांत मोलाच्या तीन वस्तू राहत आणि बाकीचा ऐवज जमिनीवर पडे. परंतु ज्याने आगळीक नसताना प्रथम वार केला त्याच्या डोक्यावर कवटीची खूण उमटे, आणि तो मेला तर त्या तीन वस्तूंचाही हक्क त्याला उरत नसे. आक्रमण निषिद्ध नव्हते, पण आक्रमकाने अधिक पणाला लावले पाहिजे, असा तो न्याय होता.

एका दुपारी आमच्यातील एक मित्र त्या मुलखात मारला गेला. मारणाऱ्याने निवडक चिजा उचलून पळ काढल्यावर उरलेले सामान सर्वांना दिसू लागले आणि ते आमच्याच दुसऱ्या मित्राने उचलले. त्याने ते परत केले. परंतु परत करण्यापूर्वी त्याचा हात माउसवर जो क्षणभर थांबला, तो शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, त्या सामानाच्या मूळ मालकाने पाहिला, आणि त्या सायंकाळी दोघेही परस्परांशी बोलले नाहीत. परक्याने लुटले याचा राग कोणालाच आला नव्हता, कारण सरहद्द ओलांडताना आम्ही ते पत्करलेच होते. सवंगड्याच्या वाटणीविषयी मात्र आमच्यात कोणताच करार झालेला नव्हता. त्या दिवसापासून माझे मत असे बनले की, असल्या खेळाचा घात शत्रुत्वाने क्वचितच होतो. सोबत्याला स्पर्धक बनविणाऱ्या नियमाने तो हटकून होतो.

या खेळांचा इतिहास पाहिला तर कर्त्यांची सारी धडपड या एका तोलासाठी चाललेली दिसते. १९९७ साली निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये नवख्यांची कत्तल इतकी माजली की २००० साली त्या जगाची एक जुळी, निर्धोक प्रत निर्माण करावी लागली, आणि बहुसंख्य प्रजा तिकडे राहावयास गेली. उलट, ‘रूनस्केप’च्या चालकांनी खेळातील नाण्यांचा खऱ्या पैशांनी होणारा चोरटा व्यापार मोडण्यासाठी २००७ च्या डिसेंबरात वाइल्डरनेसमधील मुक्त लढाई बंद केली आणि पाठोपाठ देवघेवीवरही निर्बंध घातले, तेव्हा खेळाडूंनी त्या आभासी नगरांच्या चौकांत जमून निषेध केला. पुढे मतदान घेण्यात आले, दहा लाखांहून अधिक मते पडली, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी लढाई व व्यापार दोन्ही पूर्ववत झाली. कत्तलीला कंटाळून पळणारी आणि लढाई परत मागणारी ही माणसे एकाच स्वभावाची होत. त्यांना भय नको होते असे नाही. ते आपल्या संमतीने हवे होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१८ साली लढाईची तयारी हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न केला आणि ती पत्करणाऱ्याला थोडा अधिक मोबदला देऊ केला, तेही याच जाणिवेतून.

वाटणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. चाळीस माणसांनी तासन् तास झुंजून एक राक्षस पाडावा आणि हाती तलवार एकच यावी, तेव्हा ती कोणाची? ‘एव्हरक्वेस्ट’ या १९९९ च्या खेळात खेळाडूंच्या मंडळांनी हजेरी आणि श्रम यांची गुणांत खतावणी ठेवण्याची पद्धत आपली आपण काढली, आणि ती पुढे अनेक खेळांत गेली. कोणा चालकाचा हुकूम नसता परक्या माणसांनी असे चोख दफ्तर ठेवावे, ही मला मोठी आशादायक गोष्ट वाटते. ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ साली तंट्याचे मूळच छाटले: राक्षस पाडण्यास ज्याने पुरेसा हातभार लावला त्या प्रत्येकाला त्याची लूट स्वतंत्र, आणि वाटेत पडलेल्या अनोळखी खेळाडूला कोणीही उठवावे, उठविल्याबद्दल अनुभवाचे गुणही मिळावेत. हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

माझा भाचा आता असे खेळ खेळतो, आणि कोणता घ्यावा असे मला विचारतो. त्यातील चित्रे किती देखणी आहेत याची चौकशी मी करीत नाही. पडलेल्याला उठविण्याचे मोल तेथे काय ठेवले आहे, एवढे पाहतो. ज्यांच्या घरी संध्याकाळी हेडफोन लावून मुले बसतात त्या पालकांनाही माझी विनंती आहे की, वेळेचा हिशेब जरूर मागावा; पण एकदा मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून, लूट कशी वाटली जाते हेही त्याच्याकडून समजून घ्यावे.