पडशी, गाडी आणि परदेशातले भाड्याचे घर

भवानीनगर हे काही पर्यटनाचे ठिकाण नव्हे. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की काटेवाडी मागे पडते आणि सणसरच्या अलीकडे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे धुरांडे दिसू लागते. गळीत हंगाम चालू असेल, तर धुरांड्याच्याही आधी मळीचा आंबूस-गोड वास आपले स्वागत करतो. कारखाना, कामगारांची वसाहत, बाजारपेठ आणि सभोवार नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस. एवढाच या परिसराचा पसारा. तरीही प्रवासाचे सामान कसे बांधावे हे ज्याला शिकायचे असेल, त्याने येथे येऊन राहावे असे मी म्हणेन.

याचे कारण असे की, वर्षातून दोनदा हे गाव प्रवाशांनी भरून जाते. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोड कामगार येतात. पाच-सहा महिन्यांचा संसार एका गाडीत मावलेला असतो. ते जेथे कोपी बांधतात तेथे मी अनेकदा तपासणीसाठी गेलो आहे आणि गाडी रिकामी होताना पाहिली आहे. सर्वांत वर असते ती पाण्याची घागर, तवा आणि पिठाचा डबा. सणासुदीचे लुगडे तळाशी. पोहोचल्याच्या पहिल्या रात्री जे लागणार, ते हाताशी हवे, हा त्यांचा नियम.

दुसरा प्रवास ज्येष्ठ-आषाढात. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण घेते, भवानीनगरावरून सणसरच्या मुक्कामी जाते आणि पुढे बेलवाडीला गोल रिंगण होते. दिंडीचे अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा ट्रकमधून पुढे जातो. परंतु जाणत्या वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी असतेच. तीत एक धोतर, तांब्या, थोडे खाणे आणि रोजच्या गोळ्या. ट्रक चुकला, चिखलात रुतला, तरी त्याची एक रात्र निभते.

हे दोन्ही प्रवास आठवण्याचे निमित्त वेगळेच आहे. या टापूतील अनेक घरांतील मुले-मुली आज परदेशी आहेत. आई-वडिलांना बोलावून घेतात आणि आठवडाभर खेड्यातले एखादे घर भाड्याने घेऊन तेथे नेतात. हॉटेल नाही, वाढपी नाही. आपला स्वयंपाक आपणच करायचा. कल्पना उत्तम आहे. नातवंडांचा सहवास, मोकळी हवा आणि घरचे जेवण यांहून वृद्धांना आणखी काय हवे? पण ज्या घरात हाकेसरशी कोणी येत नाही, त्या घरी जाताना पिशवीत काय आहे याला औषधाइतके महत्त्व येते.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी माझ्या एक जुन्या रुग्ण अशाच सहलीला निघाल्या. वय सदुसष्ट, दोन वेळा इन्सुलिन. रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला आणि प्रवासास हरकत नाही असे मी लिहून दिले. औषधे कोणत्या बॅगेत ठेवणार, हे मात्र विचारले नाही. त्यांनी इन्सुलिन, गोळ्या आणि साखर तपासण्याचे यंत्र कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवले. हातातल्या पिशवीत लाडू. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली. मुक्कामाचे खेडे शहरापासून तासाभराच्या अंतरावर. दुसऱ्या रात्री उलट्या सुरू झाल्या, रुग्णालयात नेले तेव्हा साखर चारशेच्या पुढे होती. त्या बऱ्या झाल्या. परंतु सुट्टीचा निम्मा काळ रुग्णशय्येवर गेला. मला विचाराल तर तो दोष त्यांचा नव्हता. विचारणे हे माझे काम होते.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा आणि काकी इंग्लंडला निघाले, तेव्हा मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो. मुलाने जून महिन्यात लेक डिस्ट्रिक्टमध्ये, केझिक गावाजवळ, दगडी भिंतींचे एक घर आठवड्यासाठी घेतले होते. काकींनी बॅगा उघडून दाखवल्या. तूप, पेढे, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मेतकूट, खोबऱ्याच्या वाट्या, कापूर. आणि लोणच्याच्या एका स्वच्छ बरणीत दोघांच्या सगळ्या गोळ्या, पट्ट्यांतून काढून एकत्र केलेल्या!

“जागा वाचते, डॉक्टरसाहेब,” काकी म्हणाल्या.

आम्ही सगळे पुन्हा लावले. ते कसे लावले, हेच आज आपल्याला सांगायचे आहे.

पडशी: जी खांद्यावरून उतरू द्यायची नाही

विमानात स्वतःजवळ राहणारी लहान पिशवी ही आपली पडशी समजा. सर्व औषधे तीतच हवीत. मुक्कामाचे जितके दिवस, त्याहून आठ-दहा दिवसांची अधिक घ्यावीत. पती-पत्नी दोघे असतील तर एकमेकांच्या पिशवीत निम्मी निम्मी ठेवावीत. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीही नको. विमानाच्या पोटातील थंडीत ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही.

गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेला तुकडा आपण फेकून देतो. मग ती गोळी कशाची, हे परदेशी डॉक्टरांना काय, मलाही सांगता येत नाही. आपल्याकडील व्यापारी नावे तेथे कोणी ओळखत नाही, आणि एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असलेले आपले अनेक प्रकार तेथे मिळत नाहीत. म्हणून आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या. आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशाची अॅलर्जी आहे, हे सारे त्यात असावे. हृदयरोग असेल तर जुन्या आलेखाची प्रत जोडा. सुया आणि इन्सुलिन जवळ असल्यास हे पत्र सुरक्षा तपासणीतही उपयोगी पडते.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. गुडघेदुखीसाठी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन यांवर अनेक देशांत कडक नियंत्रण आहे. दुबईमार्गे जात असाल तर संयुक्त अरब अमिरातीत या दोहोंचे नियम आधी तपासा. आपली साधी खसखससुद्धा तेथे नेण्यास बंदी आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने पडशीत ग्लुकोज अथवा साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे. अण्णांनी आयुष्य साखर कारखान्यात काढले. त्यांच्या पिशवीत मात्र साखरेचा कण नव्हता! विमान लांबले, डोंगरात चालणे वाढले, जेवण पुढे गेले, तर घाम येऊन साखर उतरण्यास वेळ लागत नाही.

याखेरीज चष्म्याची दुसरी जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, दातांच्या कवळीची डबी आणि कपड्यांचा एक जोड. पडशी यापेक्षा जड होऊ देऊ नका. ती आपणच उचलायची आहे.

गाडीच्या वरचा थर: पहिली रात्र

मोठी बॅग भरताना ऊसतोड कामगारांची गाडी आठवा. अशी घरे बहुधा दुपारनंतर ताब्यात मिळतात. शनिवारी पोहोचलात तर दुसरा दिवस रविवार. इंग्लंडमध्ये मोठी दुकाने रविवारी सहाच तास उघडी ठेवण्याचा कायदा आहे. दमलेले वृद्ध, भुकेली नातवंडे आणि रिकामे स्वयंपाकघर ही गाठ टाळायची असेल, तर वरच्या थरात एका वेळच्या खिचडीचे डाळ-तांदूळ, हळद-मोहरी-जिऱ्याची पुडी आणि थोडे पोहे असू द्या. बाकी तांदूळ, पीठ, डाळी तेथील मोठ्या दुकानांत मिळतात; त्यांचे ओझे येथून नेण्यात अर्थ नाही.

तूप आणि पेढे आम्ही बाजूला काढले. भारतातून ब्रिटनमध्ये दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेण्यास सामान्यतः मनाई आहे. कापूर आणि काडेपेटी ज्वलनशील, म्हणून वगळली. खोबऱ्याच्या वाट्यांतील तेलामुळे विमान कंपन्या त्यांनाही धोकादायक मालात धरतात. काकींचा चेहरा उतरला. पण भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला राहिला. लोणचे-पापड मात्र मी निम्मे केले. थंड हवेत तहान कमी लागते, पाणी कमी पोटात जाते आणि वर मीठ जास्त झाले की रक्तदाब आणि पायांवरची सूज दोन्ही वाढतात. त्याच जागेत इसबगोल बसले. प्रवासात बद्धकोष्ठता वृद्धांना किती छळते, हे त्यांनाच ठाऊक.

कुकर नेणार असाल तर त्याच्या तळाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही, तर तो तेथील इंडक्शन शेगडीवर तापणारच नाही. आपला नेहमीचा अॅल्युमिनियमचा कुकर असाच निरुपयोगी ठरतो. ब्रिटनमध्ये विजेचा दाब आपल्यासारखाच असतो, पण प्लगची ठेवण वेगळी. त्यासाठी जोडणी न्यावी. फोडणी देताना खिडकी उघडा आणि पंखा लावा, नाहीतर छतावरील धुराचा भोंगा साऱ्या घराला बाहेर काढील. भोंगा मात्र बंद करून ठेवू नका; तो जीव वाचवण्यासाठी असतो.

जे बॅगेत नसते, पण सोबत हवे

अशा घरांत मला सर्वाधिक भीती वाटते ती पडण्याची. झोपण्याच्या खोल्या अनेकदा माडीवर, जिना अरुंद, न्हाणीघरात उंच काठाचा टब. साठीनंतर खुब्याचे हाड मोडले तर माणसाचे सारे आयुष्य बदलून जाते. म्हणून घर ठरवण्यापूर्वीच मुलांना विचारा: तळमजल्यावर झोपण्याची सोय आणि शौचालय आहे का? बॅगेत लहान विजेरी, टबात घालण्याची रबरी चटई, मागून बंद असलेल्या न घसरणाऱ्या चपला आणि प्लॅस्टिकचा मग घाला. मग कशासाठी, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

गवतात फिरणार असाल तर पायमोजे आणि लांब विजारी हव्यात. तेथील गवतात, झुडपांत गोचीड असतात आणि त्यांच्या चावण्याने लाइम नावाचा आजार होऊ शकतो. संध्याकाळी एकमेकांचे पाय, काखा, गुडघ्यामागची जागा पाहावी. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावा. नंतरच्या आठवड्यांत तेथे लाल चट्टा पसरू लागला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडाचा उल्लेख करून दाखवावे.

प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नका. लपवलेला आजार म्हणजे नाकारलेला दावा. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातील उपचार सर्वांना विनाशुल्क मिळतात, परंतु रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर पर्यटकाला मोठे बिल येते. भवानीनगरहून अर्ध्या तासात बारामती गाठता येते. केझिकहून कार्लाइल किंवा व्हाइटहेवनचे मोठे रुग्णालय त्याहून दूर आहे. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंजही नसते. तेव्हा पोहोचताच एका कार्डावर घराचे नाव, पोस्टकोड, रुग्णवाहिकेसाठी 999 आणि वैद्यकीय सल्ल्यासाठी 111 हे क्रमांक लिहून दारामागे लावा. हे काम नातवंडांकडे द्यावे. ती आनंदाने करतात.

दिवेलागण

सगळे नीट बांधून दिले, असे मला वाटत होते. तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. “डॉक्टरसाहेब, दिवेलागणीची गोळी घ्यायची राहतेय. इथं रात्री पावणेदहापर्यंत सूर्यच मावळत नाही!”

चूक पुन्हा माझीच. वीस वर्षे मी त्यांना “दिवेलागणीला एक” असेच सांगत आलो होतो. आमच्या गावात दिवेलागण वर्षभर साधारण एकाच सुमारास होते. जूनमधल्या उत्तर इंग्लंडात ती झोपेच्या वेळेला येते. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे असते. तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक औषधापुढे घड्याळाची वेळ लिहून घ्या, आणि इन्सुलिनच्या मात्रा प्रवासाच्या दिवशी कशा बदलायच्या हे डॉक्टरांना विचारून ठेवा. सकाळ-दुपार-संध्याकाळ हे शब्द परदेशी पुरत नाहीत.

जुलैमध्ये दोघे परत आले. तळ्याकाठी रोज चालल्याचे, नातवाला थालीपीठ थापायला शिकवल्याचे काकींनी सांगितले. सर्वांत उपयोगी काय पडले, असे मी विचारले. अण्णा म्हणाले, विजेरी. काकी म्हणाल्या, मग. गोळ्यांची बरणी आता पुन्हा लोणच्याला लागली आहे.

आपल्या घरातील कोणी अशा प्रवासाला निघणार असेल, तर बॅगेचे कुलूप लावण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: मोठी बॅग आलीच नाही, तर आजची रात्र कशी काढाल? उत्तर पडशीत सापडले, तर खुशाल निघू द्या.