सिंकखालचा सांधा

भिवंडीत यंत्रमागांच्या कारखान्यावर राहणाऱ्याला कंपनाची वेगळी जाणीव उरत नाही. तळमजल्यावर माग, वर आमचे दोन खोल्यांचे घर. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीचा थोडा अंश भिंतीतून वर चढतो. पाहुणे फळीवरच्या कपबश्यांची किणकिण ऐकून दचकतात. आमचे उलटे आहे. रात्री वीज जाऊन माग थांबले, की आम्हांला जाग येते.

मे महिन्यात सिंकखालची फरशी ओली दिसू लागली. सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप जिथे जमिनीलगत वळून भिंतीत शिरतो, त्या सांध्यातून पाणी पाझरत होते. मी प्रथम जे सगळे करतात तेच केले : एम-सील मळले, थापले आणि विसरून गेलो. ओल्या, तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाही, हे चार दिवसांत कळले. मग पाइप पुसून, वाळवून सॉल्व्हंट सिमेंट लावले. नाव सिमेंट असले तरी ते भरणी करीत नाही. दोन्ही तुकड्यांचे प्लास्टिक किंचित विरघळवते आणि त्यांना एकजीव करते. सांधा दगडासारखा झाला. तीन आठवड्यांनी त्याच्या कडेला केसाएवढी चीर पडली.

दोष थोडा आमच्या स्वयंपाकघराचाही होता. भाताची उकळती पेज सरळ सिंकमध्ये ओतली जाई. साधा पीव्हीसी पाइप एवढ्या उष्णतेने मऊ पडतो, निवला की आखडतो. तीन मीटरचा पाइप तीस अंशांच्या फरकाने पाचेक मिलिमीटर लांब होतो, असे हिशेब सांगतो. त्यावर खालून अहोरात्र हादरे. आणि त्याला मी एका जागी खिळवून ठेवले होते.

इंग्लंडात स्थायिक झालेला माझा मावसभाऊ सुट्टीत मोटारहोममधून, म्हणजे स्वयंपाकघर-न्हाणीसकट चाकांवर चालणाऱ्या घरातून हिंडतो. फोनवर त्याला ही रड सांगितली, तर तो हसला. त्याच्या गाडीतल्या सिंकखालचा चिकटवलेला सांधाही रस्त्याच्या हादऱ्यांनी असाच फुटला होता. “तिथे रबरी कडीचा सांधा बसव,” तो म्हणाला. “हलायला जागा ठेव. तुझं घर तर उभ्या उभ्या धावतंय रे.”

सामान आणायला जिना उतरलो आणि कित्येक महिन्यांनी कारखान्यात डोकावलो. आमच्या सिंकच्या बरोबर खाली एका मागावर निळी ताडपत्री बांधलेली होती. तिच्या पोटात पाणी साचलेले, खाली डबा. मी विचारले, हे कधीपासूनचे? तो माग चालवणारे मामा तेलंगणातून लहानपणी इथे आलेले. त्यांनी हातानेच सांगितले, बरेच दिवस. ताडपत्री बांधण्यापूर्वी कोऱ्या कापडावर डाग पडत. मजुरी मीटरवर, डागाचे कापड निघाले की तेवढी कापून घेतली जाई.

“वर येऊन सांगायचं ना, मामा!”

“सर, तुम्ही शिकवणारे. येईल तुमच्या लक्षात, म्हटलं.”

या वाक्यात उपहास नव्हता, हेच अवघड होते. त्याच आठवड्यात मी वर्गात नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) शिकवत होतो. कामगार कवितेत कसा येतो, यावर माझी टिपणे बरी आहेत. असो.

वर पाहिले तर स्लॅबला तपकिरी ओघळ आला होता. पाणी काँक्रीटमध्ये मुरले की आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे काढते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे इथल्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत कोसळली, झोपेतली तीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर या गावात छतावरचा ओघळ कोणी नुसता डाग म्हणून पाहत नाही. मी माझ्या फरशीकडे वरून पाहत होतो. तिची दुसरी बाजू मामांच्या डोक्यावर होती.

दुरुस्ती शुक्रवारी ठरली, कारण त्या दिवशी आमच्या गल्लीतले माग बंद असतात. मामा स्वतः वर आले. चिकटवलेला तुकडा करवतीने कापला, कापलेली कड कानशीने घासून उतरती केली. नव्या सांध्याच्या खाचेत रबरी कडी बसवली, पाइपला साबणाचे पाणी लावून तो आत ढकलला. पूर्ण आत गेल्यावर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा पुन्हा बाहेर ओढला. ती पोकळी पाइपच्या वाढण्या-आखडण्यासाठी. राहिला भिंतीवरचा क्लॅम्प. मी तो करकचून आवळायला निघालो, तेव्हा मामांनी हात धरला. खिशातून त्यांनी चामड्याचा जुना, काळा पडलेला तुकडा काढला. मागाच्या टोकाशी धोट्याचा आघात झेलणाऱ्या पट्ट्याचा तो तुकडा होता. पाइप आणि क्लॅम्प यांच्यामध्ये तो घालून त्यांनी स्क्रू बेताने पिळला.

निघताना मी कापल्या गेलेल्या मजुरीचे पैसे पुढे केले. त्यांनी संकोच न करता मोजून घेतले आणि वीस रुपये परत केले. एक डाग पाण्याचा नव्हता, मागाच्या तेलाचा होता, म्हणाले.

शनिवारी सकाळी माग सुरू झाले. मी बॅटरी घेऊन सिंकखाली बसलो. पाइप थरथरत होता, फरशी कोरडी होती. पेज आता आम्ही निववून ओततो. खालची निळी ताडपत्री मात्र मामांनी अजून सोडलेली नाही, आणि ती कधी सोडणार, हे मीही विचारलेले नाही.