दोन हजारांत कीबोर्ड

आमच्या घरात नवा कीबोर्ड दोघांना हवा होता आणि पैसे एकीच्याच पर्समधून जाणार होते. मुलाला गेमसाठी ‘मेकॅनिकल’ हवा होता. मला प्रश्नपत्रिकांसाठी. जुन्या कीबोर्डवर काना यायला दोनदा दाबावं लागत होतं, आणि मराठीत कान्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. दोन हजारांच्या वर जायचं नाही, एवढं आधीच ठरलं. त्याला दिवे हवे होते, मला शांतता.

साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली मिळून रबराचा एकच पत्रा असतो. बटण पार तळापर्यंत दाबलं की अक्षर उमटतं. रबर थकलं की बटण रुततं, आणि ते एकट्याचं बदलता येत नाही. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला वेगळा स्विच. जर्मनीच्या चेरी कंपनीचा स्विच वर्षानुवर्षं महाग होता. 2014 च्या सुमारास त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि आउटेमू, गॅटेरॉन, कैल्ह अशा चिनी कंपन्यांनी तशाच रचनेचे स्विच स्वस्तात आणले. म्हणून आज रेडगिअर, कॉस्मिक बाइट, अँट एस्पोर्ट्स अशा नावांचे कीबोर्ड आपल्या आवाक्यात आले आहेत. दुकानात ते ‘गेमिंग’ म्हणून मांडलेले असतात, म्हणून शिक्षक मंडळी तिकडे बघत नाहीत. माझ्या मते बघावं.

स्विचच्या रंगांवरून जाती ओळखतात. निळा दाबला की टिक् असा स्पष्ट आवाज करतो. लाल सरळ खाली जातो, मध्ये कुठे अडत नाही. तपकिरी मध्यावर हलकासा अडतो, बोटाला कळतं, पण टिक् करत नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये निळे सगळ्यात जास्त दिसतात. मला निळ्याचा मोह झाला हे खरं आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या खोलीत दहा टाइपरायटर एकदम चालू असायचे, तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना हा मोह समजेल. पण माझं टायपिंग इशानंतर सुरू होतं, रमजानमध्ये तर सेहरीच्या आधी, आणि सासूबाईंची खाट त्याच भिंतीला लागून. मुलानेच निकाल दिला, “अम्मी, ब्लू मत लो, दादी की नींद उडेगी.” त्याला स्वतःला लाल हवा होता, कारण गेममध्ये बोट अडायला नको. मला मात्र लालवर नुसतं बोट टेकलं तरी वेलांटी उमटायची. तपकिरीवर आमचं जमलं. तळाला आदळल्याचा खट् आवाज त्यालाही असतोच, निःशब्द कोणताच नाही.

आता दिव्यांचं. त्या दिव्यांत उजळतात ती इंग्रजी अक्षरं. मी लिहिते मराठी आणि उर्दू. देवनागरीचे स्टिकर मिळतात, पण चिकटवले की खालचा उजेड झाकला जातो, म्हणजे दिव्यांचे पैसे वाया. उर्दूचे म्हणून जे समोर ठेवले गेले ते अरबी होते. अरबीत पे नाही, टे नाही, चे नाही, डाल, ड़े, गाफ नाही. ‘पानी’ आणि ‘गाडी’ लिहिता येणार नाही अशा स्टिकरचं काय करायचं? शिवाय त्यांवरची जागाही वेगळी. आपल्या फोनेटिक मांडणीत काफ हे ‘के’वर असतं, अरबी कीबोर्डवर नसतं.

खरं तर अक्षरं कीबोर्डवर नसतातच, ती संगणकात असतात. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट वापरते. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी ठरवली आणि विंडोजमध्ये ती फुकट येते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. त्यामुळे ‘के’ दाबलं की मराठीत क आणि उर्दूत काफ, इथपर्यंत दोन्ही भाषा गुण्यागोविंदाने चालतात. पुढे ‘एल’ला मराठीत त, उर्दूत लाम. ‘एम’ला इकडे स, तिकडे मीम. ‘जे’ला र आणि जीम. हे डोळ्यांनी शिकायचं नसतं, बोटांनी शिकायचं असतं. सातवीच्या वर्गात मी हेच सांगते, एका तासाला उजवीकडून लिहायचं आणि पुढच्या तासाला डावीकडून, मुलांना त्याचं काही वाटत नाही. मोठ्यांनाच वाटतं.

या मांडणीमुळे खरेदीत दोन गोष्टी पाहाव्या लागल्या, ज्या इंग्रजीत टाइप करणाऱ्याला सुचणार नाहीत. पहिली, उजवीकडचं शिफ्ट. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, उ, ए ही सगळी डाव्या हाताची बटणं शिफ्ट धरून येतात, म्हणजे उजवी करंगळी सतत कामावर. छोट्या, देखण्या कीबोर्डमध्ये बाणांची बटणं कोंबण्यासाठी नेमकं तेच शिफ्ट आखूड केलेलं असतं. ते मी बाजूला ठेवले. आकड्यांचा वेगळा गठ्ठा मात्र सोडला. गुण भरायचे दिवस वर्षातून थोडे, आणि त्याशिवायचा 87 बटणांचा कीबोर्ड स्वस्त पडतो, टेबलावर वह्यांनाही जागा उरते.

दुसरी गोष्ट मुलगा खेळत असताना लक्षात आली. त्याची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चारच बटणांवर. मराठीत तीच बटणं म्हणजे दोन मात्रा, काना-मात्रा आणि एक मात्रा, आणि ‘डी’वर हलन्त, ज्याच्याशिवाय बहुतेक जोडाक्षरं होत नाहीत. शेजारी ‘ई’वर काना. उर्दूतही ‘ए’वर अलिफ, ‘एस’वर सीन, ‘डी’वर दाल. म्हणजे त्याची लढाई आणि माझं व्याकरण, दोन्ही त्याच चार-पाच स्विचवर. तेच आधी जाणार, हे उघड आहे.

म्हणून मी ‘हॉट-स्वॅप’चा आग्रह धरला. यात स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो, डाग द्यावा लागत नाही. दुकानदाराने त्याऐवजी रंग बदलणारे दिवे दाखवले. मुलगा थोडा वेळ तिकडे ओढला गेला. मग मी त्याला विचारलं, वर्षभराने ‘डी’ बंद पडलं तर जुन्नरमध्ये कोण दुरुस्त करून देणार आहे? तो गप्प झाला. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. स्वस्त हॉट-स्वॅपच्या काही खाचा फक्त आउटेमूच्या बारीक पिना घेतात, बाकी कंपन्यांचे स्विच त्यात शिरत नाहीत. आधी विचारून घ्यावं.

शेवटी 87 बटणांचा, तपकिरी स्विचचा, एकरंगी पांढऱ्या दिव्यांचा घेतला. 1,950 रुपये. एसटीचं माझं तिकीट अर्धं, त्याचं पूर्ण. उरलेल्या पन्नासात पुण्याच्या स्टँडवर दोन चहा झाले आणि त्याने बसमध्येच खोका उघडला.

घरी आता वाटणी अशी आहे की मगरिबपर्यंत त्याचा, इशानंतर माझा. परवा सहामाहीची मराठीची प्रश्नपत्रिका संपवून उर्दूची घेतली, तेव्हा तो मागे उभा राहून बघत होता. दिवे त्याने बंद केले होते, कारण दादी झोपली होती. “कुछ दिखता नहीं, फिर लिखते कैसे?” म्हणाला. मी त्याची करंगळी धरून उजव्या शिफ्टवर ठेवली आणि मधलं बोट ‘डी’वर. अ उमटला.