मक्याच्या शेतातलं इंजिन-गाव

अमेरिकेत कोलंबस नावाची गावं किती, हे मोजायला बसलात तर अख्खा रविवार जाईल. त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं ते ओहायोतलं, नऊ लाख वस्तीचं. मी सांगतोय ते कोलंबस इंडियाना राज्यातलं. लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत जेमतेम ५० हजार. आपलं फलटण २०११ साली साधारण एवढंच होतं. इंडियानापोलिसहून हायवे ६५ धरायचा, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच एखादं धान्याचं कोठार, आणि तासाभरात गाव.

पण पुणेकरांना हे गाव नवं नाही. नाव माहीत नसेल, तरी 'कमिन्स' नक्की माहीत असेल. कुणाचा मामा कोथरूडच्या कारखान्यात होता, कुणाची बहीण कमिन्स कॉलेजात शिकली. त्या कमिन्सचं माहेर म्हणजे हे कोलंबस. एका ऑटोमोबाइल प्रोजेक्टच्या निमित्ताने मी इथे आठ महिने काढले. जाताना मित्रांनी 'अरे, तिथे करणार काय?' असं विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. गंमत म्हणजे, सत्तर वर्षांपूर्वी हाच प्रश्न खुद्द या गावालाही पडला होता.

एक ड्रायव्हर, एक बँकर

क्लेसी कमिन्स हा बँकर विल्यम अर्विन यांच्याकडे मोटार चालवायचा. यंत्रांचा भयंकर नाद. १९१९ साली अर्विन यांच्या पैशावर त्याने डिझेल इंजिनाची कंपनी काढली. नफा दिसायला १९३७ साल उजाडलं. तोवर बँकवाल्यांनी दम धरला. मधल्या काळात क्लेसीने जाहिरातीची एक भारी शक्कल लढवली. १९३१च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत डिझेल गाडी उतरवली आणि ती इंधनासाठी एकदाही न थांबता ५०० मैल पुरी करून आली.

पुढे कंपनी वाढली आणि अडचण वेगळीच निघाली. इंजिनं बनत होती, पण ती डिझाइन करायला चांगले इंजिनिअर हवेत. शिकागो-न्यूयॉर्क सोडून ते मक्याच्या शेतात येतील का? आणि आले तरी बायकोमुलांसकट टिकतील का? अर्विन घराण्यातल्या जे. अर्विन मिलर यांनी यावर जे उत्तर शोधलं, त्यामुळे हे गाव जगाच्या नकाशावर आलं. नुसता पगार वाढवून भागणार नाही, गावच चांगलं करायला हवं, असं त्यांचं गणित होतं.

१९५०च्या दशकात मुलांची संख्या वाढत होती, शाळा कमी पडत होत्या. मिलर यांनी कमिन्स फाउंडेशनमार्फत योजना मांडली: आम्ही दिलेल्या यादीतून आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरू, बांधकामाचा खर्च तुमचा. त्यातली पहिली शाळा हॅरी वीस यांनी बांधली, १९५७ साली. मग शाळांपाठोपाठ फायर स्टेशनसुद्धा नामवंतांच्या हातची आली. चार नंबरचं फायर स्टेशन रॉबर्ट व्हेंचुरी यांचं. लायब्ररी आय. एम. पेई यांची, १९६९ची. पॅरिसच्या लूव्र म्युझियमचा काचेचा पिरॅमिड बांधणारे तेच पेई! लायब्ररीसमोर हेन्री मूर यांचं कमानीसारखं भलंमोठं शिल्प, आणि त्याखालून पोरं सायकली पळवतात. २०१७ साली या इमारतींच्या पार्श्वभूमीवर 'कोलंबस' नावाचा चित्रपटही आला. वीकेंडला बघा, संथ आहे पण गोड आहे.

साडेसातचा कॉल

आता ऑफिसचं. उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेसात म्हणजे पुण्यात संध्याकाळचे पाच. त्यामुळे पुण्याशी काम असलेल्यांचा दिवस कोंबड्यासोबत सुरू होतो. हातात कॉफी, समोर स्क्रीनवर बाणेर-बालेवाडीची घरी निघायच्या घाईतली मंडळी. दुपारी डब्यासाठी वीस मिनिटं, आणि साडेचार वाजले की पार्किंग रिकामं! सुरुवातीला मला वाटलं फायर ड्रिल आहे. नाही हो, लोक घरी चाललेले. घर दहा मिनिटांवर. हिंजवडीच्या एका सिग्नलला आपण जेवढा वेळ उभे असतो, तेवढ्यात इथला माणूस पोराला सॉकरच्या मैदानावर सोडून हिरवळ कापायला लागलेला असतो.

हेडऑफिसही बघण्यासारखं. १९८०च्या दशकातली केविन रोश यांची इमारत, पण टॉवर वगैरे काही नाही. एका जुन्या धान्य-गिरणीला पोटात घेऊन बसकी पसरलेली. गावापेक्षा उंच व्हायचं नाही, असं जणू ठरवूनच बांधलेली. गावाच्या दक्षिणेला कारखाना, तिथे 'रॅम' पिकअप ट्रकची इंजिनं बनतात. टोयोटाच्या फोर्कलिफ्टचा कारखाना १९९०पासून आहे. म्हणजे गावात एकटी कमिन्स नाही. पण ट्रकची मागणी घटली की वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या हॉटेलात टेबलं रिकामी दिसतात, हेही खरं.

बससेवेचं नाव वाचून मी मोठ्याने हसलो होतो. इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची तीन अक्षरं मोठी करून 'कोलम-बस'! कोटी पुलंच्या दर्जाची नाही, पण मराठी माणसाला फुकटात मिळते. रूट मात्र बोटांवर मोजण्याइतके. गाडी नसेल तर इथे तुम्हाला पाय नाहीत.

नवे शेजारी

२००० साली गावात ३९ हजार माणसं होती, २०१० साली ४४ हजार, २०२० साली ५० हजारांवर. आसपासची कित्येक छोटी गावं ओसरत असताना हे वाढतंय. २०१०च्या जनगणनेत शंभरात पाच-सहा जण आशियाई वंशाचे होते. पूर्ण इंडियाना राज्यात तेव्हा शंभरात दोनसुद्धा नव्हते. त्यानंतर प्रमाण आणखी वाढलंय.

आणि यात पुण्याचा वाटा मोठा. किर्लोस्कर-कमिन्सची स्थापना १९६२ची. १९९७मध्ये किर्लोस्करांचा हिस्सा अमेरिकन कंपनीने घेतला, कारखान्याचं नातं तेच राहिलं. पुढे फलटणलाही कारखाने आले. त्यामुळे कोलंबसच्या सुपरमार्केटमध्ये मागून 'अगं, कोथिंबीर घेतलीस का?' ऐकू आलं तर दचकायचं नाही. गणपतीत माझ्या शेजारच्या काकूंनी मोदकाची उकड काढली. त्यांचा अमेरिकन शेजारी दारात बूट काढून, हात जोडून आरतीला उभा. आरती संपल्यावर हळूच विचारतो, 'हे दर वर्षी परत येतात ना?' काकू म्हणाल्या, 'हो, यांना व्हिसा लागत नाही!'

सगळे हसले. मग क्षणभर कुणीच बोललं नाही.

भिंतीपलीकडचं

कारण खरी गोष्ट तिथेच आहे. एच-वन-बी व्हिसा साधारण सहा वर्षांचा. ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर होऊन रांगेत लागलात तर पुढे वाढतो, पण कुठल्याही एका देशाला वर्षाकाठी सात टक्क्यांच्या आसपासच वाटा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. घर घेतलेलं, पोरगी इथल्या शाळेत व्हायोलिन वाजवतेय, आणि आईबाबा तारखांचा तक्ता बघताहेत. २०२५च्या सप्टेंबरात बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या फीचा आदेश निघाला, तेव्हापासून तर प्रत्येक पार्टीत हाच विषय.

जोडीदाराची वेगळीच कथा. कंपनीने एल-वन व्हिसावर बदली करून आणलं असेल, तर नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी करता येते. एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मात्र तशी सहज नाही. २०१५पासून काहींना परवानगी मिळते, तीही ग्रीन कार्डची पहिली पायरी ओलांडल्यावर. मला एक मैत्रीण भेटली. महर्षी कर्वे संस्थेच्या कमिन्स कॉलेजची इंजिनिअर, १९९१ साली मुलींसाठी निघालेलं तेच कॉलेज. पुण्यात टीम लीड होती. ज्या कंपनीच्या नावाच्या कॉलेजात ती इंजिनिअर झाली, त्याच कंपनीच्या गावात ती चार वर्षं नोकरीविना. रोज पेईंच्या लायब्ररीत येऊन बसते. 'बिल्डिंग सुंदर आहे रे,' ती म्हणाली, 'पण मला इथे वाचक म्हणून नाही, कामाला जायचं म्हणून सकाळी घराबाहेर पडायचंय.'

गावाचं राजकारणही सरळ रेषेतलं नाही. माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांचा जन्म इथलाच, काउंटीची मतं रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारी. पण तेच मतदार तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फही न सांगता काढून जातात. शेजारी आवडतो, धोरणाबद्दल मात्र ते गप्प.

उत्तरेला ईरो सारिनेन यांचं चर्च आहे, १९६४चं. षट्कोनी छप्पर आणि आभाळात घुसलेला सुईसारखा कळस. फोटो काढायला जगभरातून लोक येतात. पण प्रार्थनेला येणारी माणसं कमी कमी होत गेली आणि २०२२ साली तिथली मंडळी विसर्जित झाली. इमारत तशीच देखणी, फक्त तिच्यात बसणारं कुणी उरलं नाही. मिलर यांना हे नेमकं कळलं होतं. शाळा त्यांनी चांगली बांधली ती फोटोसाठी नाही, इंजिनिअरच्या पोराने तिथे दहावीपर्यंत शिकावं म्हणून.

आर्किटेक्टची फी कुणीतरी भरू शकतं. राहायची मुभा मात्र या गावाच्या हातात नाही, ती वॉशिंग्टनमध्ये ठरते. तुमच्यापैकी कुणाला कोलंबसची ऑफर आली तर जरूर जा. साडेचारला घरी पोहोचाल, लायब्ररीत जागा मिळेल, गणपतीला उकडीचे मोदकही मिळतील. फक्त पॅकेजचा आकडा विचारून झाला की दोन प्रश्न आणखी विचारा: व्हिसा कुठला, आणि माझ्यासोबत येणाऱ्या माणसाने तिथे दिवसभर करायचं काय?