आठवे घर

डेटाबेसची चूक बोलकी असते किंवा मुकी. बोलकी चूक तक्रार करून थांबते, तर मुकी चूक निमूटपणे खोटे उत्तर हाती ठेवते. या दोहोंचे नाते आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतील शॅनन येथे, म्हणजे १९५९ साली विमानतळालगत सुरू झालेल्या मुक्त व्यापार क्षेत्राच्या आश्रयाने वाढलेल्या गावात, तिथल्या आडनावांतून आणि पत्त्यांतून नेमके उलगडते.

क्लेअर हा ओ'ब्रायन घराण्याचा जुना मुलूख. या आडनावातील चिन्ह आणि एसक्यूएल या प्रश्नभाषेत मजकुराचा आरंभ व शेवट दाखवणारे अवतरणचिन्ह बहुधा एकच असल्यामुळे, आडनाव प्रश्नात जसेच्या तसे जोडले की मजकूर ‘ओ’पाशीच संपतो आणि पुढील अक्षरांचा अर्थ न लागून डेटाबेस चूक कळवतो. यावरचा उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट: त्यात मूल्याची जागा मोकळी ठेवून प्रश्नाचा सांगाडा आधी सिद्ध केला जातो आणि मूल्य, स्वतःच्या प्रकारासह, वेगळे बांधून दिले जाते. हे काम प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातील दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, करतो.

बोलकी चूक अशी मिटते, परंतु मुकीला वाट याच वेगळेपणातून मिळते. आयर्लंडमध्ये २०१५ साली आलेला एअरकोड हा पिनकोड सात वर्णांचा असून शॅननचे कोड ‘व्ही१४’ने सुरू होतात. असा कोड ओरॅकल या डेटाबेसमध्ये आठ वर्णांच्या ठरावीक लांबीच्या रकान्यात साठवला, तर आठवे घर रिकाम्या जागेने भरले जाते. कोड प्रश्नातच लिहिला असता तोही ठरावीक लांबीचा मानला जातो, शेवटची रिकामी जागा तुलनेत आड येत नाही आणि नोंद सापडते; तोच कोड जावा या प्रोग्रामिंग भाषेतून नेहमीच्या रीतीने बांधून दिला, तर तो बदलत्या लांबीचा ठरतो, रिकामी जागाही मोजली जाते आणि एकही ओळ हाती लागत नाही. ओरॅकलच्या जावा ड्रायव्हरमध्ये ‘सेटफिक्स्डकॅर’ ही स्वतंत्र सोय आहे ती याचसाठी.

शोध घेणारा बहुधा इथेच फसतो, कारण लॉगमधील प्रश्नात मूल्य हाताने भरून तो चालवला की उत्तर बरोबर येते आणि संशय डेटाबेसवरून उठून भलतीकडेच जातो. वास्तविक हाताने भरताना मूल्याचा प्रकारच बदललेला असतो. देवनागरी वाचकाला हा चकवा परका नाही: ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही; डोळ्यांना जे एकच दिसते, ते यंत्राच्या लेखी दोन असू शकते.

म्हणून प्रश्न कसा लिहिला होता याहून पलीकडे काय पोहोचले, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. मूल्याचे अंतरंग दाखवणारे ओरॅकलचे ‘डंप’ हे फंक्शन रकान्यावर चालवले, तर प्रकार ९६, लांबी ८ आणि अखेरीस ३२ हा रिकाम्या जागेचा अंक दिसतो. बांधलेल्या मूल्यावर चालवले, तर प्रकार १ आणि लांबी ७. इतका वेळ मुकी राहिलेली चूक या दोन ओळी शेजारी ठेवल्या की बोलकी होते.